दर महिन्याचं जांबाश

...आणि वर म्हणते काय, सैल सोडा! आता तुम्हीच सांगा, भिंतीकडे तोंड, विजार अर्धी खाली, मागे कोणीतरी औषधाची बाटली खुळखुळ हलवतंय, आणि अशा वेळी माणसानं सैल सोडायचं? काय काय सैल सोडू? मी भर लग्नात शेकडो लोकांसमोर माईक धरून उभा राहिलोय, कधी पाय लटपटले नाहीत, पण त्या गुलबार्चिन नर्सनं ‘जांबाश इकडे करा’ म्हटलं की माझी बोबडी वळते, तुम्हाला सांगतो.

जांबाश म्हणजे कुल्ला हो. आणि मेंढीचाही तोच तुकडा म्हणजे जांबाश, जो आमच्याकडे जेवणावळीत सगळ्यात मानाच्या म्हाताऱ्यापुढे ठेवतात. शब्द एकच. घोळ सगळा तिथंच झाला... पण थांबा, आधीचं आधी सांगतो. जास्त बोलतोय का मी? नाही ना? बरं.

विचारावं लागतं हो. डॉक्टरांनी माझ्या बायकोला, बुरुलला, बजावून ठेवलंय, असं हळूऽऽहळू बोलतात ते, ‘झोप कमी झाली... खर्च वाढला... बोलणं वाढलं... की समजायचं, स्वारी वर चढतेय.’ अहो डॉक्टर, मी तमादा आहे! लग्नात, बारशात, साठीत माईक धरून लोकांना हसवायचं, कोणी केव्हा उठून आशीर्वाद द्यायचा ते सांगायचं, यावर माझं पोट चालतं. तमादा बोलणार नाही तर काय मेंढ्या राखणार? आणि मेंढ्या राखणारा तरी गप्प असतो का, तोही बोलतो, मेंढ्यांशी!

आजाराचं नाव बायपोलर. कधी आभाळात, कधी अंथरुणात. अंथरुणातलं सांगत नाही, त्यात हसण्यासारखं काही नाही, नुसता छताकडे बघत पडलेला माणूस, त्याला चहा द्या नाहीतर विष द्या, सारखंच. आभाळातलं सांगतो. गोळ्या होत्या हो. पण बरं वाटतंय तर गोळी कशाला, आणि बरं वाटत नसलं तर गोळी आठवतेय कोणाला? अशा दोन्हीकडून गोळ्या राहिल्या, आणि एका उन्हाळ्यात मी सरोवराच्या या काठावरच्या झाडून सगळ्या गावांना जेवायला बोलावलं. निमित्त? निमित्त कसलं, माणसं चांगली आहेत, जेवू द्यावं, एवढंच मनात आलं! आणि आले ना लोक! गाड्या भरून आले, घोड्यांवरून आले, म्हाताऱ्या ठेवणीतले पांढरे रुमाल डोक्याला गुंडाळून आल्या, आणि आमच्या चुलीवर काय, तर चहाचं आधण. बुरुलनं आमची दुधाची घोडी सोडवून स्वतः कापायला दिली. लोक जेवले, ढेकर दिले, गेले, भांडी घासून झाली, मग म्हणाली, “महिन्यातून एकदा सुई मिळते म्हणे, गोळी विसरायची भानगडच नको. ती घ्या. नाहीतर मी तलासला माहेरी जाते, आणि तिकडून फोन करणार नाही.”

आता सुई घ्यायला माझी ना नव्हती. पण कळता कामा नये कोणाला! डोक्याच्या डॉक्टरकडे जाणाऱ्याला लग्नाची सुपारी कोण देईल? त्या जेवणाचंसुद्धा आम्ही ‘नवस होता, फेडला’ म्हणून दडपून दिलं होतं. तर बुरुलनं एक शब्द काढला. आमच्याकडे सुनेनं सासरच्या थोरल्यांची नावं घ्यायची नसतात, त्यामुळे बायका आडून बोलण्यात पटाईत. म्हणाली, सुई म्हणायचं नाही, दवाखाना म्हणायचं नाही, नुसतं जांबाश म्हणायचं. जांबाशला चाललोय, जांबाश झालं. मी म्हटलं वा! दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही की जांबाश कोणाला वाढलं आणि कोणाला नाही, यावरून आमच्या खोऱ्यात सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

तर मी काराकोलहून, दवाखाना तिथंच, सुई घेऊन परत येतोय, मिनीबस खच्चून भरलेली, मी एका कुल्ल्यावर तोलून बसलेला, आणि बुरुलचा फोन. ती काय बोलली ते कोणाला ऐकू गेलं नाही. मी काय बोललो ते मात्र सगळ्या गाडीनं ऐकलं. “हो, झालं जांबाश... गुलबार्चिननं दिलं, दुसरं कोण देणार... हात हलका आहे तिचा... आता बसवत नाही, पण महिनाभर बघायला नको.” झालं! मागच्या बाकावर आमच्या गावची दुकानवाली उरुमकान. गावात उतरेपर्यंत तिच्या पोटात ते राहिलं हेच नवल. संध्याकाळपर्यंत काय, तर रिसबेकची, म्हणजे माझी, काराकोलला एक बाई आहे. दुसऱ्या दिवशी ती विधवा झाली. आठवड्यानं तिला मेंढरं फुटली, लोखंडी फाटकाचं घर झालं, आणि महिन्याच्या महिन्याला मेंढी कापून ती मला म्हणे मानाचा तुकडा वाढते, आणि मी इतका खातो की मला बसवत नाही! जास्त बोलतोय का? सांगा हं.

आता बाई ठेवल्याचा राग किती जणांना आला माहीत नाही. जांबाशचा राग मात्र आला एकाला, माझ्या आईचे थोरले भाऊ, शारशेन तायाके. मामाच ते, आणि गावात सगळ्यात वडील. त्यांना वर्षातून मोजक्या वेळा जांबाश मिळतं, आणि हे भाचं, अजून दाढीसुद्धा नीट पिकलेली नाही, दर महिन्याला खातंय?

मग आमच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न आलं. माईक अर्थात माझ्याकडे. मांसाची ताटं फिरली, ज्याचा त्याचा तुकडा ज्याच्या त्याच्यापुढे गेला, तायाकेंपुढे जांबाश आलं. तायाकेंनी ताट सरकवलं.

“हे रिसबेकला द्या,” म्हणाले. “त्याला दर महिन्याची सवय आहे. फक्त गुलबार्चिनच्या हाताची चव आमच्याकडे नाही, तेवढं चालवून घे म्हणावं.”

लोक फिदीफिदी हसले. मीही हसणार होतो, धंद्याची सवय. पण बायकांच्या बाजूला बुरुल चहा ओतत होती, आणि ओततच राहिली. आमच्याकडे वाटी अर्धीच भरतात, काठोकाठ भरली की पाहुण्यानं समजायचं, उठा आता. तिनं काठोकाठ भरली, वर सांडली. तिला खरं काय ते माहीत होतं हो, राग माझा नव्हताच. पण सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, टाकलेल्या बाईकडे बघतात तसं. घोडी कापायला दिली तेव्हा जिची मान खाली गेली नाही, तिची तिथं गेली. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की काय सांगू. आणि सुपारी गेली खड्ड्यात म्हटलं, माईक हातात होताच.

“तायाके, मी जांबाश खात नाही. माझ्याच जांबाशात दर महिन्याला सुई टोचतात, डोकं ठिकाणावर राहावं म्हणून. गुलबार्चिन नर्स आहे. ती मला घोटभर चहासुद्धा देत नाही.”

गप्प. आख्खा मांडव गप्प. तमादाच्या धंद्यात अशी शांतता म्हणजे मरण. तायाके माझ्याकडे वळले.

“दुखतं?”

“दुखतं, तायाके.”

“आणि ते नवसाचं जेवण?”

“नवस नव्हता. आजार होता.”

“मी दोनदा वाढून घेतलं होतं,” तायाके म्हणाले. मग त्यांनी ते ताट उचललं आणि माझ्याकडे नाही, पलीकडे बायकांकडे दिलं. “घोडी तिची गेली ना? मग जांबाश तिला द्या.”

सुनेला जांबाश! आमच्या खोऱ्यात असं कोणी ऐकलेलं नाही. उरुमकानचा घास हातातच राहिला. आणि माझी बुरुल, एवढी खंबीर बाई, तिथं सगळ्यांसमोर रडली, रडत रडत खाल्लं, आणि सगळं खाल्लं हो, मला एक तुकडा ठेवला नाही.

तर असं. सुपाऱ्या गेल्या नाहीत, उलट लोक तारखा विचारायला लागले. एक वरबाप तर म्हणाला, “आमच्या लग्नापुरती सुई जरा पुढे ढकला ना, रंग चढेल.” त्याला बुरुलनं जे सुनावलं ते माईकवर सांगता येणार नाही. आणि सुई चुकवायची तर आता सोयच नाही. कोणाच्याही घरी गेलो की सतरंजीवर माझ्यासाठी उशी आधीच ठेवलेली, आणि तीही ज्या बाजूला टोचलंय त्याच बाजूला. एक महिना डावीकडे टोचतात, एक महिना उजवीकडे, पण मी कोणाला सांगितलेलं नसतं हो! परवा गुलबार्चिननं सुई भरली आणि विचारलं, मागच्या खेपेला कुठली बाजू होती? मला काही केल्या आठवेना. मग काय करता... विजार धरली एका हातात, आणि दुसऱ्या हातानं तायाकेंना फोन लावला.