चौथी चाल

वरचा: …तर पहिली, घोडा मधल्या घरात. दुसरी, हत्ती मोकळ्या पट्टीवर. तिसरी, कडेचं प्यादं एक घर पुढं.

खालचा: घोडा मधल्या घरात, हत्ती मोकळ्या पट्टीवर, प्यादं एक घर पुढं. बरोबर?

वरचा: बरोबर. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी तुझं परत म्हणून दाखवणं काही सुटत नाही.

खालचा: तीस वर्षं वरची सिग्नल केबिन तुझी, खालची माझी, बोलणं सगळं फोनवर. गाडी सोडताना एकदा जरी तुझा निरोप परत म्हणायला चुकलो असतो, तर माणसं मेली असती. चाल कुठली खेळतोस?

वरचा: विचार करू दे की. घोडा टाकला तर तू प्यादं चढवून त्याला हुसकावशील. हत्ती आणला तर तूही आणशील, मारामारी होईल, पट रिकामा होईल. प्यादं आपलं बरं. ना कोणाच्या अध्यात, ना मध्यात.

खालचा: गुरुवारीपण प्यादंच खेळलास.

वरचा: प्यादी काय वाईट असतात?

खालचा: शनिवारी पण. काल पण. खेळण्याआधी तीन चाली मोठ्यानं सांगायच्या, हा नियम तुझाच. चौथी का सांगत नाहीस?

वरचा: कुठली चौथी?

खालचा: उंटानं माझ्या राजापुढचं प्यादं मारायचं. मी राजानं उंट मारणार. मग तुझा घोडा शह देणार, मागून वजीर येणार. सहाव्या चालीला मात. मला दिसतं ते तुला दिसत नाही होय?

वरचा: दिसतं. बुधवारपासून दिसतंय.

खालचा: मग माझ्यावर दया करतोस?

वरचा: तुझ्यावर कसली दया. तुझा घोडा मागं गेला आणि राजा उघडा पडला, तेव्हा आधी खूश झालो. मग वाटलं, डाव संपला की हा उद्या चारला फोन कशाला करील?

खालचा: घोडा मी मुद्दाम मागं घेतला.

वरचा: मुद्दाम?

खालचा: रविवारी लेकीकडं चाललोय. कायमचा. घर रिकामं करतोय. गाडी मध्ये अडकवून ड्युटी सोडायची नसते. लाइन मोकळी करून द्यायची, मग सही.

वरचा: आणि हे तू मला आज सांगतोस.

खालचा: तू उंटानं प्यादं मारशील, मग सांगेन म्हटलं होतं. तू प्यादी हलवत बसलास.

वरचा: लेकीकडं फोन नसतो का रे?

खालचा: दोन खोल्या आहेत. नात चार महिन्यांची, दुपारी झोपते. तिच्या उशाशी बसून मी घोडे-उंट ओरडू?

(वरचा फोन या कानावरून त्या कानाला लावतो.)

खालचा: आहेस ना?

वरचा: आहे. ही गेल्यापासून मी दिवसाला किती बोलतो, सांगू? सकाळी दूधवाल्याला ‘अर्धा लिटर’. मग चार वाजेपर्यंत तोंडाला कुलूप. तुझा फोन यायच्या आधी मी घसा खाकरून बघतो, आवाज निघतोय ना म्हणून.

खालचा: हे कधी बोलला नाहीस.

वरचा: आपण दुसरं बोललोय कधी? चाळीस वर्षांत दोनदा तोंडं बघितली एकमेकांची. एकदा साहेबाच्या निरोप समारंभात आणि एकदा हिच्या वेळी. तेव्हाही तू पायरीवर बसून विचारलंस, वजीर कुठं होता.

खालचा: मला दुसरं काही सुचेना.

वरचा: माहीत आहे. सगळ्या माणसांत मला तेवढंच बरं वाटलं होतं.

खालचा: आज मंगळवार. रोज एक चाल. आज सुरू केलंस तर रविवारी सकाळी मात. माझी गाडी अकराला आहे. डाव अर्धवट टाकून मला जाववणार नाही गड्या.

वरचा: उंटानं राजापुढचं प्यादं मारलं. शह.

खालचा: उंटानं राजापुढचं प्यादं मारलं, शह. राजानं उंट मारला.

वरचा: राजानं उंट मारला. आणि सोमवारी रे? सोमवारी चारला काय बोलायचं?

खालचा: तीन चाली सांग. मग ठरवू.

वरचा: पहिली, तब्येत कशी आहे.

खालचा: दोन वाक्यांत संपेल. पुढची.

वरचा: दुसरी, नात काय म्हणते.

खालचा: ती अजून काहीच म्हणत नाही. तिसरी?

वरचा: तिसरी सुचत नाही. नुसता फोन कानाला धरून बसू. पोर पण उठायची नाही.

खालचा: सोमवारी, चार वाजता, नुसता फोन कानाला धरून बसू. बरोबर?

वरचा: बरोबर.