जर्दाळूच्या पत्रकात राहून गेलेली ओळ

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे विश्वस्त मोतीरामजी, प्रमुख पाहुण्या डॉक्टर करुणाताई, व्यासपीठावरील मान्यवर, उद्यापासून आहार विभाग सांभाळणारी माझी मोनाली, परिचारिका भगिनी, स्वयंपाकघरातली माझी माणसं, आणि सिल्लोड, पिशोर, छावणीकडून कामं सोडून आलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना सुलेखाचा नमस्कार.

एकतीस वर्षं मी लोकांना काय खावं ते सांगितलं. आज तुम्ही शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आणि कौतुक तर इतकं केलंत की क्षणभर मलाच वाटलं, ही कोण थोर बाई? मोतीरामजी म्हणाले, सुलेखाबाईंनी या भागाला जर्दाळू खायला शिकवलं. साहेब, माफ करा, पण या शहराला जर्दाळू कधी नवा होता? इथल्या लग्नांत जर्दाळूचा गोड पदार्थ, खुबानी का मीठा, माझ्या आजोबांच्या वेळेपासून वाढतात, वर बियांतला गरही पेरतात. मी फक्त एक पत्रक काढलं. त्यावरून तुम्ही मला पाठीमागं जर्दाळूबाई म्हणता, तेही मला ठाऊक आहे.

काय होतं त्या पत्रकात? जर्दाळूत लोह आहे, रक्तवाढीला मदत होते. डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व त्यातून मिळतं. तंतू भरपूर, पोट साफ राहतं. पोटॅशियम भरपूर, रक्तदाबाला चांगलं. भिजवलेलं पाणीसुद्धा ओतून देऊ नका, प्या. आणि मागच्या पानावर, बिया फेकू नका! गोड बीतला गर बदामासारखा खाता येतो. कडू निघाला तर थुंकून टाका, तो विषारी असतो. गराचं तेल निघतं, ते केसांना आणि सांध्यांना लावतात. कवच चुलीत छान जळतं, बारीक कुटलं तर टाचा घासायला होतं. एवढं सगळं एका कागदावर बसवलं म्हणून मी तेव्हा किती मिरवले होते!

आज मला सुखद धक्का द्यायचा म्हणून तुम्ही जुनी प्रत शोधून, माझा फोटो घालून, हेच पत्रक पुन्हा छापलंत. अर्ध्या तासापूर्वी करुणाताईंच्या हस्ते प्रकाशन झालं. प्रत्येक खुर्चीवर एकेक प्रत ठेवलेली आहे. मीही ती हातात धरून, हसून, फोटोला उभी राहिले. दोष तुमचा नाही. तुम्ही प्रेमानं केलंत. पण हे पत्रक सगळ्यांनी विसरून जावं म्हणून मी दोन वर्षं गप्प बसले होते, आणि गप्प बसले म्हणूनच ते छापलं गेलं. आता बोलते. समारंभाचा बेरंग होईल, इलाज नाही.

पिशोरचे सांडूभाऊ आपल्याकडं आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यायचे. बरोबर पत्नी, द्वारकाबाई. किडनी काम करत नसली की पोटॅशियम रक्तात साचतं आणि फार साचलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून आपण या पेशंटना काय खायचं नाही त्याची यादी देतो. ती यादीही माझीच. केळी नको, शहाळं नको, संत्रं नको, बटाटा बेतानं. त्यात जर्दाळू नव्हता. का नव्हता? मी विचार केला, पिशोरला जर्दाळू कोण खातंय? उगाच यादी कशाला लांबवायची?

सांडूभाऊंचं रक्त कमी होतं. या आजारात होतंच. डॉक्टर द्वारकाबाईंना म्हणाले, रक्त कमी आहे. त्या बाहेर आल्या तर बाहेर भिंतीवर माझंच पत्रक, रक्तवाढीसाठी जर्दाळू. त्यांच्या बहिणीचा मुलगा फौजेत लेहला होता. सुटीवर येताना त्यानं मावशीसाठी पिशवी भरून जर्दाळू आणले. एका बाईनं आणखी काय करायचं असतं? तिनं डॉक्टरचं ऐकलं, पत्रकाचं ऐकलं, यादीही पाळली.

सांडूभाऊ एका पहाटे घरीच वारले. आदल्या दिवशीच्या तपासणीत पोटॅशियम फार वाढलेलं होतं. रिपोर्ट आला तोवर उशीर झाला होता. कशामुळं वाढलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

महिन्याभरानं द्वारकाबाई माझ्या टेबलाशी आल्या. कापडी पिशवी पुढं ठेवली. "बाई, कागदावर लिवलं व्हतं, बिया फेकू नका. समद्या ठिवल्यात. याचं तेल कुठं काढून भेटंल? माजे गुडघे लई दुखतेत." मी विचारलं, जर्दाळू कोणी खाल्ले? "मालकांनीच. सकाळी चार, सांजच्याला चार. पानीबी पाजलं. तुमच्या कागदामुळंच तेवढे दिस काढले त्यांनी." आणि माझ्या पाया पडल्या.

मी त्या बिया घरी नेऊन मोजल्या. सहाशे बेचाळीस.

त्यांना मी काही सांगितलं नाही. म्हटलं, तेलाचं बघते. पत्रकं भिंतीवरून काढली आणि यादीत जर्दाळू घातला. मनाशी म्हटलं, या माउलीला आता कशाला जाळायचं? खरं सांगू? त्यांच्यापेक्षा मी माझी अब्रू झाकत होते.

पंधरा दिवसांपूर्वी डायलिसिसच्या खोलीत रामकिसन नावाच्या पेशंटच्या उशाशी मला वाटी दिसली. भिजवलेले जर्दाळू. त्यांची मुलगी म्हणाली, "पिशोरच्या द्वारकामावशीनं सांगितलं. लई गुण येतोय म्हणे." वाटी मी उचलून नेली. रामकिसन बरे आहेत. पण आणखी किती घरांत अशा वाट्या असतील, ते मला माहीत नाही, आणि मला ते कधी कळणारही नाही.

म्हणून गेल्या रविवारी पिशोरला गेले. द्वारकाबाईंच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांला नको व्हते हो बाई. तोंड फिरवायचे. म्हनायचे, नगं, लई गोड लागतंय. म्याच बळं बळं घातले."

हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर गेले असते की नाही, कुणास ठाऊक.

मंडळी, कृपा करून पेन काढा. आत्ताच काढा, आहेर नंतर करा. खुर्चीवरच्या पत्रकावर लिहा: किडनीच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जर्दाळू खाऊ नये, त्याचं पाणीही पिऊ नये. मोनाली, बाकीचे गठ्ठे या वाक्याशिवाय दाराबाहेर जाऊ देऊ नकोस. जुन्या प्रती गावोगाव गेल्या आहेत. त्या जिथं दिसतील तिथंही हेच वाक्य लिहा.

तुम्ही मला जीव लावलात, आज इतकं ऐकूनही घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलताना काही अधिकउणं झालं असेल तर तेवढं पोटात घाला. बाकीची माफी मी पिशोरला मागून आले. हात जोडून म्हटलं, चूक माझी आहे, तुमची नाही, मला माफ करा. द्वारकाबाई म्हणाल्या, "तुमाला मी करीन माफ. पर म्या कुनाकडं जाऊ, बाई? ते तर गेले."