नंबरप्लेट वाचणाऱ्या डोरीनबाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे प्राचार्य श्री. लिंडग्रेन, शाळा मंडळाच्या सन्माननीय सदस्या श्रीमती ओपल श्राम, व्यासपीठावर बसूनही सारखी खिडकीबाहेर नजर टाकणाऱ्या आमच्या सत्कारमूर्ती डोरीन कुबिचेक, सहकारी शिक्षकवर्ग, पालकहो, आणि केकवर लक्ष ठेवून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मी भूगोल शिकवतो. त्यामुळे आजच्या भाषणात नकाशा येणारच, हे आधीच सांगून ठेवतो!

डोरीनबाई आपल्या शाळेच्या समुपदेशक. बारावीनंतर कुणी कोणत्या कॉलेजात जावं, हे आपल्या गावानं त्यांनाच विचारायचं. चार वर्षांपूर्वी टेसा हॉल्मक्विस्ट त्यांच्यासमोर येऊन बसली. गुण मध्यम, मागणी मात्र मोठी. "बाई, बालवाडीपासून मी त्याच त्या पोरांबरोबर शिकतेय. मला देशभरातल्या मुलांमध्ये राहायचंय."

तिचे वडील आर्लो, आपल्या धान्यगोदामाचे व्यवस्थापक, तिथंच होते. "अगं, मग महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर उभी राहा की! सगळ्या राज्यांची माणसं भेटतील. देशभरातली पोरं नामांकित कॉलेजात असतात, आणि तिथं तुला कोण घेणार?"

श्रोतेहो, आर्लोंचं हे समीकरण आपल्यापैकी किती जणांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे? डोरीनबाईंनी त्याची दोन टोकं शांतपणे सोडवून दाखवली. प्रवेश अवघड होतो, कारण अर्ज फार येतात. विद्यार्थी लांबून येतात, ते मात्र वेगळ्याच कारणानं. एखादं कॉलेज असा विषय शिकवतं, जो आसपास कुठंच मिळत नाही. किंवा ते अशा विरळ वस्तीत असतं, की लांबून मुलं आली नाहीत तर वर्गच भरणार नाहीत. अशी कॉलेजं आलेल्या बहुतेकांना प्रवेश देतात! ती शोधायची कशी, एवढाच प्रश्न.

बाईंची पहिली कसोटी आपल्याला ठाऊक आहे. माहितीपत्रकातली हसरी चित्रं बाजूला ठेवायची आणि शनिवारी कॉलेजच्या वाहनतळावर जाऊन नंबरप्लेट वाचायच्या. तळ रिकामा असेल, तर पोरं घरी पळालेली. भरलेला असेल, तर पाटीवर कोणकोणत्या राज्यांची नावं आहेत ते बघायचं.

पहिली मे, म्हणजे प्रवेश देऊ केलेल्या कॉलेजांपैकी एकाला होकार कळवायची मुदत, तोंडावर आली होती. तिघं एका कॉलेजात गेले आणि काय सांगू! ओरेगन, व्हर्जिनिया, टेक्सस... वाहनतळ नव्हे, माझ्या वर्गातला नकाशाच! आर्लो हरखले. "ठरलं, टेसा. इथंच."

आणि डोरीनबाई एका गाडीच्या काचेवर वाकल्या. मग दुसरीच्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात भाड्यानं गाड्या देणाऱ्या कंपनीची बारकोडची चिकटपट्टी. गाड्या भाड्याच्या! अशा गाड्या देशभर फिरतात, पाटी कुठल्याही राज्याची असते. कॉलेजच्या प्रार्थनागृहात लग्न होतं आणि पाहुणे विमानतळावरून आले होते.

गप्प राहिल्या असत्या तर? आर्लोंचा होकार हातात होता. बाईंनी खरं ते सांगितलं.

"चला घरी," आर्लो म्हणाले. "आता आपलं जवळचंच कॉलेज बरं."

टेसाला रडू फुटलं. "बाबा तयार झाले होते ना! कशाला बोललात?"

"कारण इथं चार वर्षं तुला काढायची आहेत, बाळ. वऱ्हाड आज संध्याकाळी निघून जाईल."

परतल्यावर बाईंनी टेसाला प्रवेश देऊ केलेल्या, सुपीरियर सरोवराकाठच्या एका वनशास्त्राच्या कॉलेजला फोन लावला. प्रवेश कार्यालयाला नाही, मुदपाकखान्याला; ही त्यांची दुसरी कसोटी! आर्लोंना ऐकू जावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे टर्की खायला आपापल्या घरी जातात, तेव्हा तुमच्याकडे जेवायला पोरं उरतात का हो?"

"उरतात?" पलीकडून स्वयंपाकीणबाई कडाडल्या. "निम्मं कॉलेज माझ्याच उरावर असतं! घरं लांब, जाणार कुठं? मेन राज्याची पोरं क्रॅनबेरीच्या चटणीवरून भांडतात, न्यू मेक्सिकोची पोरं टर्कीवर हिरवी मिरची मागतात!"

आर्लो खुर्चीतून उठलेच. "टर्कीवर? मिरची?" मग लेकीकडे वळून ते म्हणाले, "जा बाई. आणि खाऊन बघ, कशी लागते ते."

टेसा आता शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या थँक्सगिव्हिंगला ती घरी आली, तेव्हा आर्लोंनी स्वतः टर्कीवर मिरची घातली. चवीबद्दल त्यांनाच विचारा!

डोरीनबाई, मघापासून आपण खिडकीबाहेर काय बघताय, हे मला कळलं आहे. आपल्या वाहनतळावर आज मेन आहे, न्यू मेक्सिको आहे, अलास्कासुद्धा आहे. आपण दूरदूर पाठवलेली मुलं आणि त्यांचे मित्र मागच्या रांगांत बसले आहेत. टेसा, हात वर कर! आपल्याला शंका येईल, म्हणून आर्लो हॉल्मक्विस्ट सकाळीच प्रत्येक गाडीच्या काचेवर वाकून आले आहेत. बाई, एकही भाड्याची नाही!

अध्यक्षमहोदयांनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द अधिकउणा गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घालावा. वेळ जास्त घेतला, त्याचीही क्षमा असावी. पण एवढ्या लांबून आलेल्यांना मी दोन वाक्यांत कसा परत पाठवणार होतो?