रोडगे भाजताना आलेलं अस्वल

अस्वल तुम्ही जंगलात पाह्यलं असन, मी परसात पाह्यलं. शहाऐंशी साली आम्ही कुरखेड्याले राहत होतो. रविवारी सकाळी बायको तिच्या आईनं शिकवलेले कणकेचे रोडगे गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजत होती. बाजूले खाटेवर आमची तान्ही पोर झोपली होती. तेवढ्यात कुंपण मोडून अस्वल आत घुसलं अन् सरळ खाटेकडं निघालं.

मी ओरडायले तोंड उघडलं. बायको हळूच म्हणाली, “ओरडू नका.” तिनं फावडंभर निखारे उचलले अन् त्याच्या तोंडावर फेकले. अस्वल किंचाळत पळालं.

मी धावत जाऊन पोरीले छातीशी धरलं.

बायकोनं फावडं बाजूले ठेवलं. म्हणाली, “तिले इथी द्या अन् रोडगे तुम्ही पलटवा. माह्यानं आता चिमटा धरवत नाई.”