हिची किती धरायची

सन बासष्टची गोष्ट. पोलादपूरच्या सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर मी नंबर लावून बसलो होतो. शेजारी डोंगरावरच्या वाडीतली गोदूबाई होती, तिची सून आत बाळंत होत होती. पलीकडे गिरणीतून रजेवर आलेला नाथू पेपर वाचत होता.

“आजी, हितं लिवलंय, सिलोनात माणूस साठ वर्षं जगतो. आपल्याकडं बेचाळीस.”

“सिलोन म्हंजे?”

“लंका गो, रावणाची.”

“मला तर पासष्ट सरली. मंग मी कुणाची वर्षं खाल्ली रे?”

“तसं नाय. सगळ्यांची वर्षं एकत्र करून सारखी वाटतात. जन्मताच गेलेली पोरंपण त्यात धरतात.”

“माझी तिघं गेली. तीपण?”

“तीपण.”

“मंग मी एकटी किती जणांना पुरणार?”

“पोरं जगावीत म्हणून तर तिथलं सरकार माणशी आपल्याहून जास्त खर्च करतं. गावोगाव दवाखाना, शिकलेली सुईण.”

“आमचा खर्च चार गडी नि एक डोली. घरचे म्हणले, आपल्या बाया गोठ्यातच बाळंत होतात. मी म्हणलं, तिघांना पोचवलंय मी. आता डोली बांधा.”

आतून रडणं ऐकू आलं. नर्स दारात आली.

“मुलगी झाली, आजी. दोघी छान आहेत.”

“नाथू, आता हिची किती धरायची?”

“साठ धरू, लंकेएवढी.”

“साठ लंकेला राहू दे. हिची ऐंशी धर. पोर डोलीतून आलीय.”