दुसऱ्याचा ओव्हरऑल

नाही नाही, उठू नका आजोबा, बसा — मी दचकले फक्त. मी दचकतेच, टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकते. काय म्हणालात, खांद्याचं? हं. या ओव्हरऑलच्या रंगावरून विचारलंत ना — मेडिकलची पोरगी दिसतेय, विचारून बघावं. साहजिक आहे. आज पहिली मे, वाप्पुचा सण, विद्यार्थ्यांचा दिवस, अख्खं औलू शहर आपापल्या शाखेचा रंग अंगावर चढवून नदीकाठी लोळतंय, आणि माझ्या बाहीवर हा बिअर पिणारा सांगाडा शिवलेला — कुणीही फसेल. पण... कसं सांगू... हा माझा नाहीये. जुन्या बाजारातून घेतला. कॉलरच्या आत कुणा योरमाचं नाव आहे, पाय चार बोटं लांब होते, मीच दुमडून टाके घातले. हसा, हसा.

का घेतला? गेल्या वाप्पुला नुसती शाळा संपल्याची पांढरी टोपी घालून आले होते — तुमच्यासारखीच, तुमची मात्र छान पिवळी पडलीय — चादर पसरून तीन तास एकटी बसले, आणि शेवटी एका कुत्र्यानं माझा डोनट पळवला. म्हटलं, अंगावर रंग असला तर कुणी तरी ‘ए’ म्हणून हाक मारील. मारली की! सकाळी पाचजणी आल्या, ‘कितव्या वर्षाला गं तू?’ — आणि माझी बोबडी वळली. बाथरूमला जायचंय म्हणून पळाले ती थेट या बाकावर. चार दिवसांत माझ्याशी आपणहून बोललेले तुम्हीच. म्हणजे त्या पाचजणी सोडून. त्या काय माझ्याशी बोलल्या? त्या योरमाशी बोलल्या.

मी इतिहासाची हो. पाइनच्या लाकडातून काढलेल्या डांबराच्या व्यापारावर दोनशे चौदा पानं लिहिलीत — याच नदीनं पिंपं कशी खाली यायची, कोणती होडी कुठल्या वळणावर फुटली, सगळं पाठ. आता अठ्ठाविसाव्या वर्षी शाळेचं भौतिकशास्त्र घेऊन बसते. रसायनशास्त्र तर मी नववीनंतर पाहिलंच नव्हतं. क्लासला सगळी अठरा-एकोणीसची. पहिल्या दिवशी एक पोरगी मला म्हणाली, ‘मॅडम, खिडकी उघडू का?’ मी ‘उघड’ म्हटलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही, लाजली असेल बिचारी. की मी लाजले? मीच लाजले असेन.

मेडिकलची प्रवेशपरीक्षा अठरा दिवसांवर आलीय. तिसरी खेप. आणि तिथं चुकीच्या उत्तराला गुण वजा करतात, आजोबा — म्हणून खात्री नसली की मी चौकट रिकामी सोडते. चुकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, नाही का? गेल्या वर्षी अकरा सोडल्या. घरी येऊन ताडून पाहिलं तर त्यातल्या नऊ मला येत होत्या. नऊ! पाच गुणांनी गेला प्रवेश. मावशी म्हणते, ‘हेल्का, मेलेल्या माणसांचाच अभ्यास बरा होता तुझा, ती तक्रार तरी करत नाहीत.’ तिला वाटतं डोकं फिरलंय माझं. फिरलं असेलही —

तुम्ही सारखा तो खांदा का चोळताय? कधीपासून म्हणालात? सकाळपासून? टेकडी चढल्यापासून. आणि इथं, जबड्यात? थोडं थोडं. हं. थोडं थोडं.

काय? घरी जाऊन सौना तापवणार, वाफेत बसून शेकणार?

... नाही, काही नाही. बसा जरा. बाबा आठवले. बाबांनी एकदाच फोन केला होता मला, गावाकडून, पुओलांकाहून — एरवी सापाला घाबरावं तसे ते फोनला घाबरायचे. म्हणाले, ‘खांदा भरून आलाय गं, लाकडं फोडली म्हणून असेल.’ मी प्रबंधाच्या तळटिपा लावत होते. ‘सौना तापवा बाबा, चांगलं शेकून घ्या आणि झोपा,’ म्हटलं. आपली म्हणच आहे की — सौना, दारू नि डांबर यांनी जे दुखणं हटत नाही ते मरणाचंच. माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर छापलीय. ‘बरं,’ म्हणाले. शिकलेली मुलगी सांगतेय म्हटल्यावर ऐकायचे ते माझं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू गेल्या तर सौनाचं धुराडं गार, आणि बाहेर पायरीवर टॉवेल, नीट घडी घातलेला... सगळ्यांना वाटतं, ते आपल्याच मनानं सौनात शिरले आणि तिथंच गेले. त्या फोनचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मावशीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, देव जाणे.

टोपी काढा बघू. घाम आलाय तुम्हाला. इथं थंडीनं माझे दात वाजतायत आणि तुम्हाला घाम? नाही, मला खात्री नाही. मला कशाचीच खात्री नाही, मी डॉक्टर नाही, अजून कुणीच नाही — पण सौना नाही. ऐकलंत? सौना नाही! उठू नका. चुकले तर चुकले, मग माझ्यावर ओरडा.

हॅलो? एकशे बारा? नदीकाठच्या बागेत, पुलाच्या अलीकडचा बाक — एक आजोबा, पंचाहत्तरीचे — खांदा, जबडा, घाम. सकाळपासून... नाही. डॉक्टर नाही... नाही हो, मेडिकलची विद्यार्थिनीही नाही, ओव्हरऑल दुसऱ्याचा आहे — ते जाऊ द्या, गाडी पाठवा! हेल्का मोइलानेन... इतिहास... हो. इथंच आहे. मी हलत नाही.

निघाली गाडी. हात द्या तो इकडे — किती गार पडलाय. नाव काय तुमचं? — नको, नको, राहू द्या, मागून सांगा. तुम्हाला बोलू देऊ नका म्हणतायत फोनवर. श्श. आता एकही शब्द नाही. माझाही.