ओ निगेटिव्ह

बायकोच्या बाळंतपणाचं सांगतो. परभणीत डॉक्टर म्हणाले, "ओ निगेटिव्ह रक्त लगेच लागंल." मी मोबाइलवर शोधायलो, तर वर नुसत्या जाहिराती अन् खाली रक्तदात्यांच्या जुन्या याद्या. एक नंबर लागला, तो निघाला फरशीच्या दुकानाचा.

नर्सबाईंनी पाथरीच्या वाघमारे गुरुजींना फोन लावून दिला. रिटायर मास्तर, अडल्यानडल्याला रक्तदाते जुळवून देणारा माणूस. आठवून म्हणाले, "पेडगावच्या माधवनं मागच्याच महिन्यात दिलंय, त्याला नको. राणीसावरगावचा सुरेश परभणीतच नोकरीला हाय. पाठवतो."

अर्ध्या तासात सुरेश हजर. बायको वाचली, लेकरूबी.

नंतर पेढे घेऊन गेलो तवा विचारलं, "गुरुजी, एवढी यादी ठेवता कुठं?"

"यादी कशाला? माझ्या वर्गातली पोरं हायत ती."